सनूची छाती आणि माझी धुरी

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला महिने कॅलेंडरात बघावे लागत नाहीत, पोरांच्या नाकांवरनं कळतात. पाऊस लागला की शेंबूड, श्रावणात जुलाब, दिवाळी झाली की खोकला आणि होळीच्या आगंमागं कांजिण्या. साताऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. नव्वदनंतरच्या वर्षांत तर दहा-बारा पोरं असायची, त्यातली चार-पाच पाळण्यातली. आता थकले म्हणून बंद केलं. अंकासाठी काहीतरी लिहा काकी, गोड आठवणी असतील तुमच्याकडं, असं परवा एकजण सांगून गेला. गोड आठवणी पुष्कळ आहेत. पण आधी ही एक लिहून मोकळी होते, कारण ही मी एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेली नाही. माझ्या घरच्यांनासुद्धा नाही.

बाहेरच्यांना वाटतं, पाळणाघर म्हणजे पोरं सांभाळणं. पोरं काय, सांभाळली जातात. खरं काम असतं ते त्यांची आजारपणं सांभाळण्याचं. घरात एकटं वाढलेलं सहा-सात महिन्यांचं बाळ दहा पोरांत येऊन पडतं. एकानं चोखलेला खुळखुळा दुसरं चोखतं, तिसरं त्यावर शिंकतं. सोमवारी एकाला सर्दी झाली की गुरुवारपर्यंत सगळी खोली सूंसूं करायला लागते. मी प्रत्येकाच्या झबल्याला त्याचा त्याचा रुमाल पिनेनं टाचायची, खुळखुळे उकळून काढायची, धुऊन धुऊन स्वतःच्या हातांची सालपटं निघायची. पण वाऱ्याला कोण बांधून ठेवणार? नव्या आईला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकायची की बाई, हे एक वर्ष नाकाचं, पुढच्या वर्षी पोर टणक होतं.

ते वर्ष काढायचं कसं, हा प्रश्न मात्र आईचा. पोर आजारी पडलं की रजा तिनंच टाकायची. बापांना रजा नसतात असं नाही, पण त्या गावाकडच्या जत्रेसाठी राखून ठेवलेल्या असतात. मग आया तरी काय करतील, लपवाछपवी करायच्या. माझा नियम होता, ताप असलेलं पोर घ्यायचं नाही. म्हणून मी दारातच पोराला पोटाशी धरायची आणि झबलं वर करून पोटाला हात लावायची. कपाळ फसवतं, पोट फसवत नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. आमचं माहेर रहिमतपूरचं, आणि आई तिथं अख्ख्या आळीची बाळं न्हाऊ घालायची.

फसवायला बापही कमी नव्हते. एकदा एक गृहस्थ दोन वर्षांच्या मुलीला काळा गॉगल घालून घेऊन आले. म्हसवडच्या जत्रेतला, लाल काड्यांचा. म्हणाले, तिला फार हौस आहे, काढला की रडते. मी गॉगल काढला, तर डोळे टोमॅटोसारखे. डोळे आलेलं पोर घेऊन हा बाबा ऑफिसला निघालेला. मी दोघांनाही परत पाठवलं, आणि जाताना गॉगल बापानं घातला, कारण त्याचेही आलेले होते.

दुसरी युक्ती जास्त वाईट. सकाळी निघताना तापाच्या औषधाचे थेंब पोराला पाजायचे. माझ्या दारात येईपर्यंत पोट गार. बारा वाजले की औषध उतरतं आणि पोर माझ्या मांडीवर फणफणतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावरही कोण असं करतं ते ओळखता यायचं नाही.

आता माझ्या अभिमानाची गोष्ट सांगते. माझ्या पाळणाघराची खूण म्हणजे धुरी. चार वाजले की मी पोरांची तोंडं पुसायची, पावडर लावायची आणि शेगडीतले निखारे घमेल्यात घेऊन त्यावर ओवा, वावडिंग, लसणीच्या साली आणि चिमूटभर धूप टाकायची. खिडक्या लावून घ्यायच्या, पाळण्यांखालनं घमेलं फिरवायचं, झबली-टोपरी धुरावर धरायची. आईनं शिकवलं तसंच, एक पायरी चुकवायची नाही. पोरं संध्याकाळी घरी जायची ती ओव्याचा वास घेऊन. सर्दी, पडसं, नजर, सगळ्यावर एकच उपाय. आया म्हणायच्या, काकी, रात्री झोपताना उशीलासुद्धा तुमचा वास येतो हो. शेजारच्या आळीत दुसरं पाळणाघर निघालं तरी माझं एक पोर तिकडं गेलं नाही, ते या धुरीमुळं, अशी माझी पक्की समजूत होती.

अशात सुजाता आली. सांगलीकडची, जैन पाटलांची सून. नवरा तिकडंच साखर कारखान्यात, आणि हिला साताऱ्यात एका सरकारी ऑफिसात टायपिस्टची जागा मिळालेली. अजून कायम झाली नव्हती. एक खोली घेऊन सात महिन्यांच्या मुलाला, सन्मतीला, म्हणजे आमच्या सनूला घेऊन एकटी राहायची, नवरा रविवारी यायचा. सुजाता अबोल, कामाला वाघ. तिच्या माहेरी-सासरी मिळून पगार आणणारी ही पहिलीच बाई, आणि त्याचा तिला किती आनंद होता ते ती बोलायची नाही, पण ऑफिसची पर्स ती ज्या ऐटीत खांद्याला लावायची त्यावरनं दिसायचं.

दिवस मावळल्यावर ती जेवायची नाही. ऑफिस सुटून घरी जाऊन कुकर लावेपर्यंत थंडीत अंधार पडायचा, आणि बिचारी तशीच झोपायची. अंगावर पाजणारी बाई, उपाशी किती दिवस काढणार? मग मीच तिच्यासाठी एक ताट करून ठेवायला लागले. कांदा-लसूण न घातलेली भाजी आणि दोन भाकरी. ती धावत यायची, सनूला मांडीवर घ्यायची आणि खिडकीतनं उन्हाकडं बघत भराभर जेवायची. तेवढी पंधरा मिनिटं आमचं बोलणं व्हायचं.

सनू पहिल्या आठवड्यातच सर्दीनं भरला, ते ठरलेलंच होतं. पण बाकीच्यांची सर्दी नाकात राहायची, याची छातीत उतरायची. श्वास घेताना मांजर गुरगुरल्यासारखा आवाज, बरगड्या आत ओढल्या जायच्या. डॉक्टरांकडं नेलं की चार दिवस बरा, परत तेच. सुजाताच्या रजा संपल्या, मग बिनपगारी सुरू झाल्या. साहेबांनी एकदा बोलावून सांगितलं की असंच चाललं तर कायम करण्याची शिफारस मी कुठल्या तोंडानं करू. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का, चूल आहे का. ती म्हणाली, दोघंच राहतो, गॅस आहे. खरंच सांगितलं तिनं. मी शेजारी असते तर काय सांगितलं असतं, देव जाणे.

शेवटी सांगलीहून तिच्या सासूबाई आल्या. त्यांना घरात सगळे आक्का म्हणायचे. नऊवारीचा पदर घट्ट खोचलेल्या, बोलायला फटकळ. सनूला न्यायला माझ्या घरी आल्या ती नेमकी धुरीची वेळ. दारातच थांबल्या. पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आमच्यात न्हाई आसला धूर करत. किडामुंगी मरती त्यानं." मी हसून साजरं केलं. मनात म्हटलं, बाई, तुमच्या मुंग्या राहू देत, इथं पोरांचं बघायचंय. मोठ्या तोऱ्यात मी घमेल्यात आणखी एक मूठ ओवा टाकला.

आक्का सनूला पंधरा दिवस सांगलीला घेऊन गेल्या. परत आणला तेव्हा तो ओळखू येईना. गाल वर आलेले, श्वास मोकळा, हसताना आवाज खणखणीत. आक्कांनी पोर माझ्या हातात दिलं आणि सुनेकडं बघत मला ऐकवलं, "माझ्याकडं हुता तवर येकदा तरी घरघरला का इचारा. नोकरीपायी पोराची छाती भरती, दुसरं काय न्हाई."

आठ दिवसांत सनू पुन्हा घरघरायला लागला. सुजाताच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सासूचं बोलणं खरं ठरलं होतं, आणि तेही तिच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत. ती टाईप करत बसते म्हणून तिचं पोर गुदमरतं, असं तिनं मनाशी धरलं.

मग तो दिवस. ऑफिसात तपासणी होती, सुजाताला उठता येणार नव्हतं. दुपारी सनूचा श्वास फारच वाढला, दूध ओढेना. शेजारणीला पोरांपाशी बसवलं, त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि रिक्षानं तडक डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी वाफेच्या मशीनचं नळकांडं तोंडाशी धरलं. हळूहळू बरगड्या शांत झाल्या. मग छाती तपासायला ते वाकले आणि तसेच थांबले. झबलं नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला.

"हा कसला वास?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, देवापुढं उदबत्ती लावते. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं.

"उदबत्तीत ओवा नसतो, बाई. कुणाच्या घरात काय चालतं ते मला विचारायचं नाही. बाकीची मुलं सोसत असतील, याची छाती नाजूक आहे. याला धूर बंद. एवढं त्याच्या आईला माझा निरोप म्हणून सांगा."

परतीच्या रिक्षात सनू माझ्या खांद्यावर झोपला होता आणि माझं डोकं भणभणत होतं. सगळा हिशेब आता जुळत होता. रविवारी बरा असायचा, मधल्या वारी घरघरायचा. सांगलीला धूर नव्हता, बरा झाला. माझ्याकडं आला, बिघडला. जो धूर किडामुंगीला सोसत नाही तो या एवढ्याशा जिवाच्या छातीत मी रोज चार वाजता भरत होते, आणि वर शाबासकी घेत होते. ज्या दिवशी त्याला जास्त सर्दी दिसायची त्या दिवशी मी घमेलं त्याच्या पाळण्याखाली जास्त वेळ ठेवायची. लवकर बरा व्हावा म्हणून.

संध्याकाळी सुजाता धावत आली. मी तिला सांगितलं, नेलं होतं, वाफ दिली, औषध बदलून दिलंय, काळजी करू नको. निरोप गिळला. आज लिहायला लाज वाटते, पण गिळला. तिला कळलं तर आळीला कळणार, आळीला कळलं की पाळणाघर बसणार, आणि आईनं शिकवलेली विद्या खोटी ठरणार. यातलं सगळ्यात जास्त काय टोचत होतं म्हणाल तर शेवटचं.

दुसऱ्या दिवसापासनं धुरी बंद केली. इतर आयांनी विचारलं, काकी, हल्ली वास येत नाही. मी सांगितलं, कोळसा चांगला मिळत नाहीये. खोटं एकदा सुरू केलं की त्याला पिल्लं होतात. पण सनू? पहिले दोन-तीन दिवस थोडं घरघरला, मग आवाज कमी झाला. नाक वाहतच होतं, पण छाती मोकळी. आठव्या दिवशी तर तो पाळण्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मी मनात म्हटलं, सुटले. चूक सुधारली, कुणाचं काही बिघडलं नाही, आता बोलायची गरजच काय?

त्याच संध्याकाळी सुजाता आली ती धावत नाही, सावकाश. ताट पुढं ठेवलं तर हात लावीना. पर्समधनं एक घडी घातलेला कागद काढला. राजीनामा. स्वतःच्या हातानं, ऑफिसच्याच मशीनवर टाईप केलेला, एकही चूक नसलेला. रविवारी नवरा आला होता, आक्का आल्या होत्या, बैठक झाली होती. एक तर सनू सांगलीला राहील, नाहीतर हिनं नोकरी सोडायची. अंगावर पिणारं पोर पंधरा दिवस कसंबसं सोडलं होतं, कायमचं तिला सोडवत नव्हतं. उद्या कागद साहेबांच्या टेबलावर ठेवणार होती.

मी म्हटलं, अगं, पण आता बराय की तो. ती म्हणाली, नव्या औषधानं चार दिवस बरं वाटतंय काकी, परत आहेच. मग कागदाची घडी बोटानं दाबत खाली बघून म्हणाली, "आक्का म्हणतात तेच खरं. माझ्या नोकरीनंच त्याची छाती भरते."

खिडकीत ऊन अजून हातभर होतं. मला वाटलं, गप्प बसावं. ही सांगलीला जाईल, पोर तिथं बरं राहील, सगळे म्हणतील नोकरी सुटली म्हणून बरं झालं, आणि माझं नाव शाबूत राहील. पण ही मुलगी जन्मभर मनात धरून बसणार की मी माझ्या पोराला गुदमरवत होते. ते माझं पाप होतं, आणि ती ते आपल्या पर्समध्ये घालून निघाली होती.

"नोकरीनं नव्हे, माझ्या धुरीनं," मी म्हटलं.

एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. झबल्याचा वास, डॉक्टरांचा निरोप, तो मी गिळल्याचं, कोळशाची थाप. ती ऐकत राहिली. रागावली असती, चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिनं सनूला उचललं, त्याच्या पाठीला कान लावला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मीही रोज सकाळी त्याला थेंब पाजून आणत होते, काकी. तुमचा हात फसावा म्हणून."

दोघींनी मिळून त्या पोराला काय केलं होतं ते आम्हा दोघींनाच दिसत होतं. मी धूर लपवला, तिनं ताप लपवला, आणि मधल्यामध्ये डॉक्टर बिचारे औषधं बदलत बसले. बोलता बोलता दिवस मावळला. ताट तसंच राहिलं. तिनं कागद पर्समध्ये टाकला, सनूला शालीत गुंडाळलं आणि येते म्हणाली. कुठं येते, उद्या येते की नाही, काही कळलं नाही.

आमच्या ह्यांनी जेवताना विचारलं, भाजीत मीठ नाही, लक्ष कुठं आहे? मी मिठाची बरणी पुढं सरकवली. सुजाता गेली तर गेली, पण राजीनामा देऊन जाऊ नये, एवढंच सारखं मनात येत होतं.

सकाळी मी इतर पोरं घेता घेता फाटकाकडं बघत होते. तिची वेळ टळून गेली. मग दिसली. खांद्यावर सनू, दुसऱ्या खांद्याला पर्स. दारात आली आणि पर्समधनं तोच घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. उलगडला, तर तीच टाईप केलेली अक्षरं, आपली नम्र वगैरे.

"मागनं बघा," ती म्हणाली.

मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं लिहिलं होतं. रात्री दोनदा उठला. नाक वाहतंय. खोकला थोडा. ताप नाही. सकाळी औषध दिलेलं नाही. खाली सही, तारखेसकट, ऑफिसात करते तशी.

तो कागद मी आजही जपून ठेवलाय. त्या दिवसापासनं माझ्या पाळणाघरात प्रत्येक आईनं रोज सकाळी अशी चिठ्ठी लिहायची पद्धत पडली. ताप लिहिला म्हणून मी कुणावर ओरडायची नाही, आणि संध्याकाळी पोरानं काय खाल्लं, किती खोकलं, ते मागच्या बाजूला मी लिहायची, माझी चूक झाली असली तर तीसुद्धा. घमेलं मी बागेत झाडाखाली नेऊन ठेवलं. सनू पुढं अडीच वर्षं माझ्याकडं होता. सर्दी त्याला होतच राहिली, नाकाचं वर्ष कुणाला चुकत नाही, पण छाती तशी परत कधी भरली नाही. सुजाता त्याच वर्षी कायम झाली आणि आक्कांनी सांगलीहून मला हळद पाठवली, निरोप काही नाही, नुसती हळद.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी दारात कागद धरून उभी होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून सुजाताच गडबडली. ऑफिसला उशीर होत होता. तिनं सनूला माझ्या हातात दिलं, त्याचं झबलं स्वतःच वर केलं आणि म्हणाली, "आता लावा हात."

मी लावला. पोट गार होतं.